विसार देण्याआधीचे एकोणीस दिवस

शनिवारी रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मामा, घर मिळालं! उद्या अकराला विसार द्यायचं ठरलंय. तू फक्त एकदा हो म्हण." तिच्या आवाजात इतका आनंद होता की प्रश्न विचारायला जीव होईना. तरी विचारले. इमारत किती जुनी? "मालक म्हणाले, सत्तावीस वर्षं." गळती? "मालक म्हणाले, कधीच नाही." घर कोणाच्या नावावर आहे? "त्यांच्याच. म्हणजे, तसं म्हणाले ते."

मी तिला म्हटलं, उद्याचा विसार थांबव.

मी अनेक वर्षं बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. कर्ज मंजूर होण्याआधी बँकेतर्फे घर पाहायला जो माणूस येतो, तो मी. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पहिल्यांदा घर घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा इथे गैरसमज असतो. बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर तपासलं गेलं, असं होत नाही. मी बँकेसाठी जातो तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एवढाच असतो की कर्ज थकलं तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का. छप्पर तीन वर्षांनी गळेल का, हा प्रश्न त्यात फारसा येत नाही. त्याची तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते, किंवा स्वतः पैसे मोजून करून घ्यावी लागते.

या प्रकरणात मी बँकेसाठी नव्हतो, भाचीसाठी होतो. त्या शनिवारपासून विसार देईपर्यंत एकोणीस दिवस गेले. ते कसे गेले, ते जमेल तितकं सविस्तर लिहितो. नावं आणि ठिकाण गाळलं आहे.

रविवारी सकाळी भाची आणि जावई वही घेऊनच आले. दोघंही व्यवस्थित. त्यांनी सतरा घरं पाहिली होती आणि प्रत्येकाची नोंद ठेवली होती. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. प्रश्न चांगले होते. पाणी, वीज, देखभाल खर्च, शेजार, पार्किंग, सगळं विचारलेलं. मी त्यांना उजवीकडे आणखी एक रकाना आखायला सांगितला आणि त्यावर लिहायला लावलं : "कशावरून?"

मग एकेक ओळ घेतली. गळती नाही, कशावरून? मालक म्हणाले. देखभालीची थकबाकी नाही, कशावरून? एजंट म्हणाला. शेजारच्या मोकळ्या जागेवर काही होणार नाही, कशावरून? तेही एजंटच म्हणाला. एजंटला पैसे कोण देणार, हे मी विचारलं. जावई म्हणाले, "मामा, विकणाराच देणार आहे." ते बोलून ते स्वतःच थोडा वेळ गप्प बसले.

तेवीस ओळींपैकी तिसरा रकाना भरला तो दोनच ओळींचा. खोल्या किती, आणि दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून येतं. ही दोन उत्तरं त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिली होती. उरलेल्या एकवीस ओळींवर त्यांची आजवरची सगळी शिल्लक आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते टांगलेले होते.

मालक खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण स्वतःच्या घराबद्दल माणूस त्याला माहीत असतं ते सांगतो, आठवतं ते सांगतो, आणि विकायला काढलं असेल तर सोयीचं आधी सांगतो. घेणाऱ्याने प्रश्न विचारला की काम अर्धंच होतं. त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कागदावर, कुठल्या भिंतीवर किंवा कुठल्या तिसऱ्या माणसाकडे पडताळता येईल, हे ठरवणं म्हणजे उरलेलं अर्धं.

भिंत काय सांगत होती

मंगळवारी आम्ही तिघं घर पाहायला गेलो. सहा मजली इमारत, घर सहाव्या मजल्यावर, वर थेट गच्ची. दोन झोपायच्या खोल्या, एक मोठी बैठक. घर खरोखर छान होतं. भाचीला ते का आवडलं ते दारातच कळलं. बैठकीतून समोर पार टेकडीपर्यंत नजर जायची.

मी सगळ्यात आधी रंग पाहतो. संपूर्ण घराला नवा रंग असेल तर त्यातून फारसं काही कळत नाही. विकण्याआधी लोक रंग काढतातच. इथे मात्र तीन भिंतींवर जुन्या खिळ्यांची भोकं, कॅलेंडरचा फिकट चौकोन, मुलांनी ओढलेल्या पेन्सिलच्या रेघा होत्या, आणि आतल्या खोलीची बाहेरच्या बाजूची भिंत तेवढी कोरी करकरीत. एकाच खोलीत एकाच भिंतीला रंग का लागतो? मी खिशातलं नाणं काढलं आणि छतापासून खाली वाजवत आलो. गिलावा भिंतीला घट्ट धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर पोकळ. वरच्या हातभर पट्ट्यात आवाज सरळसरळ पोकळ होता. मी नाणं भाचीच्या हातात दिलं. तिने दोनदा वाजवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काही सांगावं लागलं नाही.

कोपऱ्यात, पडद्याच्या दांडीमागे, जिथे रंगाऱ्याचा हात नीट पोचला नव्हता, तिथे पांढरी भुकटी होती. बोटाला लागली. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे या भिंतीतून कधीतरी पाणी बाहेर आलं होतं. ते आजही येतंय की जुनी दुरुस्त झालेली गोष्ट आहे, हे मात्र भुकटीवरून कळत नाही.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे, ती कोणालाही जमते. अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोन भिंतीवर ठेवायचा, चारही कडा टेपने पक्क्या बंद करायच्या आणि एक-दोन दिवस तसाच सोडायचा. मग पाहायचं. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला दव असेल तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. खिडक्या उघड्या ठेवल्या की बराचसा जातो. फॉइलच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला ओल असेल तर ती भिंतीतून येतेय. मालकांना विचारलं. ते जरा नाराज झाले, पण हो म्हणाले. गुरुवारी फॉइल काढला तेव्हा मागची बाजू ओली होती.

मग गच्चीवर गेलो. वरच्या मजल्याचं घर घेणाऱ्याने गच्ची न पाहता सही करू नये, हे मी कळकळीने सांगतो. पाणी जायच्या तोंडाशी पालापाचोळा साचला होता आणि त्याच्याभोवती मोठा काळपट गोल डाग होता. पाणी दिवसचे दिवस तुंबून राहिल्याची ती खूण. त्या डागाच्या बरोबर खाली ती कोरी भिंत. कठड्याच्या खालच्या तुळईवर लांबीच्या दिशेने एक भेग होती आणि तिच्या कडेला तांबूस ओघळ.

भेगांबद्दल थोडं लिहिलं पाहिजे, कारण पहिल्यांदा घर घेणारे एकतर प्रत्येक भेगेला घाबरतात किंवा एकीकडेही पाहत नाहीत. केसासारखी, 1 मिलिमीटरच्या आतली वेडीवाकडी भेग बहुतेकदा गिलावा आकसल्याची असते. दार-खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया एका बाजूला जास्त खचल्याचं सांगत असू शकते. खांब किंवा तुळईच्या लांबीने, आतल्या सळीच्या रेषेत धावणारी भेग बहुतेकदा गंजाची असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. काँक्रीट ताजं असताना त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचं माप, 12 ते 13 च्या घरात असतो आणि त्या क्षारतेमुळे सळीवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की ही क्षारता उतरते. पीएच साधारण 9 पर्यंत आला की तो थर राहत नाही. मग पाणी आणि हवा मिळाली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. रंग किंवा वरून केलेला गिलावा ही क्रिया थांबवत नाही.

याचा अर्थ ती इमारत धोकादायक होती असा नाही. एका तुळईवर एक भेग होती. ती सांगत होती एवढंच की आता कागद पाहायला हवेत.

इमारतीच्या सोसायटीकडे मागच्या तीन वर्षांची सभांची इतिवृत्तं असतात. जुन्या इमारतीतलं घर घेताना याहून उपयोगी वाचन मला माहीत नाही. मालकांच्या परवानगीने भाचीने ती मागवली. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत संरचना अभियंत्याचा अहवाल वाचला गेला होता. गच्चीचं जलरोधन (वॉटरप्रूफिंग) निकामी झालंय, ते काढून नवं करावं, तुळयांची दुरुस्ती त्याच वेळी करावी, असं त्यात होतं. खर्चाचा अंदाज होता, प्रत्येक घराच्या वाट्याला किती येईल तेही होतं. पुढची ओळ : "सभासदांच्या आर्थिक अडचणी लक्षात घेता विषय पुढील सभेपर्यंत तहकूब." पुढच्या सभेत पुन्हा तहकूब. तिसऱ्या सभेत विषयपत्रिकेवर विषयच नव्हता. दुरुस्ती निधीची शिल्लक विचारली तर ती एका घराच्या वाट्याइतकीसुद्धा नव्हती.

असं तहकूब होणं कुठवर जाऊ शकतं हे 24 जून 2021 रोजी दिसलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ या 12 मजली इमारतीचा मोठा भाग रात्री कोसळला आणि 98 माणसं गेली. इमारत 1981 ची. जलतरण तलावाच्या आवारातल्या स्लॅबचं जलरोधन निकामी झालंय आणि त्याखालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय, हे अभियंत्याने 2018 मध्ये लेखी कळवलं होतं. दुरुस्तीच्या वर्गणीवरून मालकांत वाद चालू होते आणि काम लांबलं होतं. ते मालक बेफिकीर नव्हते, आपल्यासारखेच होते. खर्च मोठा असला की माणसं एक सभा पुढे ढकलतात, मग आणखी एक. म्हणून ज्या इमारतीत घर घ्यायचं तिथे आणखी दोन प्रश्न विचारायचेच : दुरुस्ती निधीत आज किती शिल्लक आहे, आणि मंजूर झालेली किंवा तहकूब झालेली मोठी कामं कुठली. तहकूब काम ज्या दिवशी निघेल त्या दिवशी घर ज्याच्या नावावर, त्याच्या गळ्यात ते पडतं.

कागदावरचं नाव

कागद मी पाहिले नाहीत, वकिलाने पाहिले. वकील भाचीने स्वतः नेमला होता. एजंटने सुचवलेला घेऊ नका, एवढंच मी सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी वकिलाचा फोन आला. घर शेवटचं नोंदलं गेलं होतं ते मालकांच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. मालक तिथेच लहानाचे मोठे झाले, वीजबिल त्यांच्या नावावर, कर ते भरतात. म्हणून ते मनापासून "घर माझं आहे" म्हणत होते. पण त्यांना एक मोठी बहीण होती आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "ताईचं काही म्हणणं नाही." वहीत ते उत्तर लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही.

नोंदणी कार्यालयात कागद नोंदला गेला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं आपण धरून चालतो. जगात दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत सरकार फक्त दस्त नोंदवून ठेवतं. हा दस्त या तारखेला या दोघांत झाला, इतकीच त्याची ग्वाही. देणाऱ्याकडे देण्याचा हक्क होता का, हे तपासणं घेणाऱ्याचं काम. दुसऱ्या तऱ्हेत नोंदवहीतलं नाव हीच मालकी, आणि तिची हमी शासनाची. ही पद्धत रॉबर्ट टॉरेन्स यांनी 1858 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात कायद्याने आणली आणि तिथून ती बऱ्याच देशांत गेली. आपण घर घेतोय तिथे यातली कुठली तऱ्हा चालते, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. दस्तच नोंदवले जात असतील तर मागची साखळी एकेक कडी करून तपासावी लागते : कोणी कोणाला विकलं, मध्ये कोण वारलं, वारस किती, तारण होतं का, ते फिटल्याची नोंद झाली का.

आणि तज्ज्ञाचं मत म्हणजे हमी नव्हे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात 1868 साली वॉटसन विरुद्ध मुइरहेड हा खटला झाला. खरेदीखताचं काम पाहणाऱ्याला घरावरच्या एका बोज्याची, म्हणजे घरावर चढलेल्या देण्याची, नोंद दिसली होती. त्याने वकिलाला विचारलं, वकील म्हणाला हा बोजा लागू होत नाही. खरेदी झाली. बोजा लागू होता, आणि नुकसान घेणाऱ्याचं झालं. त्याने भरपाई मागितली तेव्हा न्यायालयाने सांगितलं की काम पाहणाऱ्याने वकिलाच्या मतावर विसंबून काम केलं, त्यात त्याचा हलगर्जीपणा नाही. या निकालानंतर लोकांना अशा जोखमीसाठी विम्याची गरज जाणवली आणि 1876 साली फिलाडेल्फियात मालकी हक्काचा विमा उतरवणारी पहिली कंपनी निघाली. म्हणून वकिलाने "कागद ठीक आहेत" म्हटलं की तेवढ्यावर उठू नये. काय काय पाहिलं, किती वर्षं मागे गेलात, काय पाहता आलं नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्यावं.

ताईंना भाचीने स्वतः फोन केला. त्या परगावी होत्या. घर विकायला काढलंय हे त्यांना माहीत होतं, पण त्यांची सही लागेल हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि त्यांनी त्यांचा वाटा मागितला. तो त्यांचाच होता. बहीण-भावाचं बोलणं व्हायला आठ दिवस गेले आणि शेवटी दोघंही विकणारे म्हणून सही करायला तयार झाले. हे विसार दिल्यावर कळलं असतं तर भाचीचे पैसे त्या आठ दिवसांत अडकले असते, आणि बहीण नाही म्हणाली असती तर कितीतरी वर्षं.

वकिलाने आणखी एक गोष्ट काढली. मंजूर नकाशात बैठकीला बाल्कनी होती. प्रत्यक्षात ती बंद करून बैठकीत घेतलेली. टेकडी दिसायची ती नेमकी त्या भागातून. परवानगी घेतलेली नव्हती. ती मिळेल की बाल्कनी पुन्हा उघडी करावी लागेल, हे स्थानिक प्राधिकरण ठरवणार. टेपने आतलं माप घेतलं तेव्हा जाहिरातीतल्या क्षेत्रफळात ही बाल्कनी पूर्ण खोलीसारखी धरलेली दिसली.

हप्त्याचं गणित

जावयांनी हप्ता बसतोय हे पाहिलं होतं. महिन्याचा पगार, वजा हप्ता, वजा घरखर्च, उरतंय. मी त्यांना विचारलं, व्याजाचा दर बदलता आहे की कायम? बदलता. दर वाढला तर बँक हप्ता वाढवणार की मुदत? हे त्यांना माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं.

कागदावर मांडलं. कुठल्याही चलनात घ्या, 1 लाखाचं कर्ज, 8 टक्के दर, 20 वर्षं. हप्ता येतो 836. वीस वर्षांत भरले जातात सुमारे 2 लाख, म्हणजे घेतल्याच्या दुप्पट. पहिल्या वर्षी साधारण 10,037 भरले जातात, त्यातले सुमारे 7,900 व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ते अवघं 2,100 च्या आसपास. म्हणून दोन-तीन वर्षांत घर विकावं लागलं तर कर्ज जवळजवळ तसंच उभं असतं.

आता दर 9 टक्के झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर वीसची पंचवीस वर्षं होतात. दर 10 टक्के झाला तर? जावयांनी मोबाइलवर आकडे टाकले, पुन्हा टाकले. 56 वर्षं. कारण 10 टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचं व्याज 833 होतं आणि हप्ता 836 चा. मुद्दलाला तीन उरतात. बँका इतकी मुदत देत नाहीत, त्या मध्येच हप्ता वाढवायला सांगतात. तो वाढला की 965, म्हणजे पंधरा टक्क्यांनी जास्त. जावई म्हणाले, "मामा, दर दोनने वाढला तर काय, हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता." त्या रात्री दोघांनी 965 च्या हिशेबाने पुन्हा घरखर्च मांडला. बसत होतं, पण एकाचा पगार चार महिने थांबला तर बसत नव्हतं. म्हणून कर्जाची रक्कम थोडी कमी करायची आणि सहा हप्त्यांइतके पैसे कशालाही हात न लावता वेगळे ठेवायचे ठरलं.

सगळी शिल्लक घराच्या किमतीत ओतायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. नोंदणीचे कर, वकील, सामान हलवणं, पहिल्या वर्षीच्या दुरुस्त्या, विमा हे सगळं सही झाल्यानंतर मागे लागतं, आणि त्यासाठी पुन्हा कर्ज काढणं फार महाग पडतं.

परिसराचं काम त्यांनी स्वतःच उत्तम केलं. कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहाला आणि सुदैवाने एकदा भर पावसात जाऊन आले. शेजारची मोकळी जागा नगररचना कार्यालयातल्या आराखड्यात शाळेसाठी राखीव निघाली, म्हणजे एजंटचं "काही होणार नाही" चूक होतं. पण शाळा त्यांना चालणार होती. पूररेषा पाहिली, घर तिच्या बाहेर होतं. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" हे शब्द फार फसवे आहेत. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती 18 टक्क्यांवर जाते, 30 वर्षांत 26 टक्क्यांवर. खालच्या मजल्याचं घर घेणाऱ्याने हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

करारात काय लिहून घेतलं

पंधराव्या दिवशी वही घेऊन मालकांच्या समोर बसलो. मधल्या एका सोमवारी दुसरं एक गिऱ्हाईक घर पाहून गेलं होतं, पण त्याने काही कळवलं नव्हतं. भाचीने आवाज न चढवता एकेक गोष्ट मांडली : ओल, तहकूब वर्गणी, बाल्कनी. मालक आधी म्हणाले, "जुन्या घरात एवढं असतंच." ती म्हणाली, "काका, असतं हे मान्य आहे. पण तुम्ही सांगितलेली किंमत ते नसलेल्या घराची आहे." मला तिचा फार अभिमान वाटला.

किंमत 4 टक्क्यांनी उतरली. त्याहून महत्त्वाचं होतं ते करारात आलेलं. कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीत दोष निघाला तर विसार ठरलेल्या मुदतीत परत. भाऊ-बहीण दोघांची सही. करारापूर्वीच्या सभांमध्ये चर्चेला आलेल्या दुरुस्तीची वर्गणी नंतर निघाली तरी विकणाऱ्यांची, आणि त्यासाठी किमतीतली तेवढी रक्कम वकिलाकडे राखून. बाल्कनीची परवानगी मिळाली नाही तर ती उघडी करण्याचा खर्च त्यांचा. ताबा द्यायची तारीख, आणि उशीर झाला तर दर दिवसाची भरपाई. घरात काय राहणार याची यादी, दिवे-पंख्यांसकट. ताबा घेण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहणी. सगळ्यात जास्त घासाघीस वर्गणीच्या कलमावर झाली. ते मान्य झालं नसतं तर उठायचं, हे दोघांनी येतानाच ठरवलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी विसार दिला.

राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. पहाटे पाचला आतल्या खोलीत घरघर होते, पलंगाच्या डोक्याकडची भिंत हलल्यासारखी वाटते. जाऊन पाहिलं. लिफ्टचं यंत्र गच्चीवर, त्या खोलीच्या जवळजवळ डोक्यावर. मी त्या गच्चीवर उभा राहून डाग पाहिला होता, भेग पाहिली होती, आणि यंत्राच्या खोलीच्या बंद दाराकडे पाठ करून खाली उतरलो होतो. दिवसा बाहेरच्या आवाजात घरघर ऐकू येत नव्हती, आणि आम्ही गेलो की तिघंही बोलत असायचो. पाच मिनिटं गप्प बसून ऐकावं, हे मला सुचायला हवं होतं. आता मी प्रत्येक घरात ते करतो.

यंत्राच्या बैठकीखालचे रबराचे तुकडे झिजून दगड झाले होते; यंत्राची थरथर सरळ स्लॅबमध्ये उतरत होती. सोसायटीने ते बदलले. आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. त्यांनी पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवलाय. गच्चीचं काम त्याच वर्षी निघालं आणि वर्गणी वकिलाकडच्या राखलेल्या पैशांतून गेली. आतल्या खोलीच्या त्या भिंतीवर भाचीने अजून रंग दिलेला नाही. दोन पावसाळे फॉइल लावून पाहायचंय, म्हणाली.